केबल चित्रात काय घालू शकते आणि काय नाही

गेल्या दिवाळीत माझ्या मावसभावाने कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या जुन्या घरातून राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये बिऱ्हाड हलवले, तेव्हा माळ्यावर गुंडाळून ठेवलेला प्लेस्टेशन २ हा व्हिडिओ गेम संच सामानाबरोबर खाली उतरला. ज्या यंत्रावर आम्ही २१ इंची काचेच्या टीव्हीपुढे मांडी घालून उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढल्या, तेच यंत्र भिंतीवरच्या ४३ इंची फोर-के टीव्हीला जोडल्यावर क्रिकेटच्या मैदानातले खेळाडू भिजलेल्या कापसाच्या बाहुल्यांसारखे दिसू लागले आणि धावफलकावरचे लाल आकडे शेजारच्या रकान्यात ओघळू लागले. भावाने यंत्र कामातून गेल्याचे जाहीर केले. ज्या दुकानात आम्ही चौकशी केली तिथल्या विक्रेत्याने सोन्याचा मुलामा दिलेली जाडजूड केबल पुढे केली. यंत्र ठणठणीत होते, आणि ती केबल घेतली असती तरी काडीचा फरक पडला नसता, कारण तीही पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांचीच होती.

चित्र यंत्रात तयार होते आणि टीव्हीवर उमटते. मधली केबल त्यात स्वतःचे काही घालत नाही. फार तर यंत्राने दिलेले ती कमी सांडते किंवा जास्त सांडते. जुन्या ॲनालॉग यंत्रांच्या बाबतीत हे सांडणे मुख्यतः केबलच्या प्रकारावर अवलंबून असते, म्हणजे चित्र किती वेगवेगळ्या तारांतून पाठवले जाते यावर. नव्या डिजिटल यंत्रांच्या बाबतीत प्रश्न इतकाच उरतो की केबल ठरलेल्या वेगाला पुरी पडते की नाही. या दोन हिशेबांची सरमिसळ झाली की माणूस एका टोकाला नको तिथे पैसे घालतो आणि दुसऱ्या टोकाला हवी ती शंभर-दोनशे रुपयांची वस्तू घेत नाही.

पिवळ्या पिनेपासून सुरुवात करू, कारण घरोघरी अजूनही तीच सापडते. टीव्हीवरच्या रंगीत चित्रात दोन प्रकारची माहिती असते: कोणता ठिपका किती उजळ आहे ही एक, आणि त्याचा रंग कोणता ही दुसरी. टीव्ही आधी कृष्णधवल होता, त्यामुळे त्याला फक्त पहिली माहिती लागत असे. पुढे रंग आला तेव्हा लोकांचे जुने संच निकामी होऊ नयेत म्हणून अभियंत्यांनी रंगाची माहिती उजेडाच्या माहितीतच एका ठरावीक कंपनसंख्येवर बसवून दिली. भारतात १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पाल नावाच्या पद्धतीने, आणि तिच्यात ही कंपनसंख्या सुमारे ४.४३ मेगाहर्ट्झ आहे. एकाच तारेतून दोन्ही माहिती जाते म्हणून या जोडणीला कंपोझिट म्हणतात. तांबडा आणि पांढरा रस्सा एकाच वाटीत ओतून पाहुण्याला पुन्हा वेगळे करून खायला सांगावे, तसे काम इथे टीव्हीला करावे लागते. ते त्याला बऱ्यापैकी जमते, पण पूर्ण कधीच जमत नाही.

जिथे जमत नाही तिथे दोष ठरावीक रूपात दिसतात, आणि ते ओळखता आले की निम्मे निदान होते. चित्रातल्या बारीक उभ्या रेघांना टीव्ही रंग समजतो, म्हणून बारीक रेघांचा शर्ट घातलेल्या माणसाच्या अंगावर इंद्रधनुष्य लहरते. उलट रंगाला तो उजेड समजतो, तेव्हा दोन गडद रंगांच्या सीमेवर मुंग्यांच्या रांगेसारखे ठिपके सरकताना दिसतात. शिवाय रंगाच्या वाट्याला जागाच थोडी येते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत उजेडासाठी सुमारे ५ मेगाहर्ट्झ मिळतात आणि रंगासाठी जेमतेम १.३, त्यामुळे रंगाचा आडवा तपशील उजेडाच्या साधारण चौथ्या हिश्शाइतका राहतो. लाल आकडे शेजारच्या रकान्यात ओघळतात ते याच कारणाने.

या जोडणीहूनही वाईट म्हणजे अँटेनाच्या भोकात घालायची वायर. तिच्यात चित्र आणि आवाज दोन्ही एखाद्या प्रक्षेपण केंद्रासारखे वाहिनीवर चढवले जातात आणि टीव्ही ते पुन्हा उतरवून घेतो. कॅसेटवाले व्हिडिओ गेम बहुतेकांनी याच वायरीवर खेळले आणि वाहिनी जुळवताना येणाऱ्या खरखरीसकट ते आठवतात.

पिवळ्या पिनेच्या वरची पायरी एस-व्हिडिओ. चार बारीक पिनांच्या या गोल जोडणीत उजेड एका तारेतून आणि रंग दुसऱ्या तारेतून जातो, त्यामुळे सरकत्या मुंग्या आणि इंद्रधनुष्य एका फटक्यात नाहीसे होतात. त्याच्याही वर कंपोनंट, म्हणजे हिरवी, निळी आणि लाल अशा तीन पिनांची केबल. तिच्या हिरव्या तारेतून उजेड आणि चित्राचा ताल जातो, तर निळ्या आणि लाल तारांतून रंगाचे दोन भाग जातात. युरोपात याच तोडीची गुणवत्ता देणारी २१ पिनांची स्कार्ट नावाची जोडणी रूढ झाली, पण आपल्याकडच्या टीव्हींवर ती सहसा आली नाही. परदेशी मंडळी स्कार्टचे गोडवे गातात म्हणून ती मागवणाऱ्याने आधी आपल्या टीव्हीच्या पाठीमागे डोकावलेले बरे.

आता मुख्य अट. वरच्या पायरीची केबल तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा यंत्र स्वतः ती माहिती वेगवेगळी बाहेर देऊ शकते. कॅसेटवाल्या जुन्या आठ-बिटी निन्टेन्डो यंत्रातली चित्र काढणारी चिप थेट कंपोझिट चित्रच तयार करते. तिच्या आत लाल-हिरवा-निळा अशी वेगळी वाट मुळात नाही. आपल्या बाजारात आलेल्या त्याच्या बहुतेक नकलांची तीच गोष्ट आहे. अशा यंत्रासाठी भारी केबल शोधणे व्यर्थ आहे. प्लेस्टेशन २ची गोष्ट निराळी. तो कंपोनंट चित्र देऊ शकतो, तरी खोक्यात येत असे ती पिवळ्या पिनेची केबल. २००६ साली आलेल्या प्लेस्टेशन ३ला तर चित्र आणि आवाज एकाच केबलमधून आकड्यांच्या रूपात नेणाऱ्या एचडीएमआय जोडणीची सोय होती, पण त्याच्याही खोक्यात तीच पिवळी पिन मिळाली आणि अनेकांनी हाय डेफिनिशन यंत्र वर्षानुवर्षे साध्या चित्रावर चालवले. निन्टेन्डोच्या वी (Wii) नावाच्या यंत्राला एचडीएमआय नाही, पण कंपोनंट केबल लावली की ते चित्र एकाआड एक ओळींचे अर्धे-अर्धे न पाठवता सलग पाठवू शकतो आणि फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. प्लेस्टेशनच्या पहिल्या तीन पिढ्यांचे पाठीमागचे एव्ही सॉकेट एकाच आकाराचे आहे, म्हणून प्लेस्टेशन २साठी घेतलेली कंपोनंट केबल प्लेस्टेशन ३ला चालते. पहिला प्लेस्टेशन मात्र कंपोनंट चित्र देत नाही, तिथे ती केबल बसेल पण चित्र येणार नाही.

केबल आणून लावली आणि रंग पार विचित्र दिसले, तर लगेच ती परत करायला धावू नये. प्लेस्टेशन २च्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये 'कंपोनंट व्हिडिओ आउट' नावाची नोंद असते आणि ती आरजीबीवर, म्हणजे लाल-हिरवा-निळा या पर्यायावर, राहिली असेल तर कंपोनंटवर रंग बिघडतात. ती वाय-सीबी-सीआर, म्हणजे उजेड आणि रंगाचे दोन भाग, अशी बदलली की रंग जागेवर येतात. दुसरी हमखास चूक दोन लाल पिनांची. कंपोनंट केबलला चित्राची एक आणि आवाजाची एक अशा दोन लाल पिना असतात, आणि त्यांची अदलाबदल झाली की चित्रातला लाल रंग गायब होतो आणि एका बाजूच्या स्पीकरमधून गुरगुर ऐकू येते. तिसरी अडचण टीव्हीची. बऱ्याच सपाट टीव्हींवर हिरवे सॉकेट हेच पिवळ्या पिनेचेही सॉकेट असते आणि टीव्हीच्या यादीत एव्ही निवडायचे की कंपोनंट, यावर ते कोणाचे काम करणार हे ठरते. चुकीचे निवडले तर चित्र कृष्णधवल दिसते. अलीकडच्या टीव्हींवर तर हेडफोनच्या सॉकेटसारखे एकच एव्ही सॉकेट असते. त्याच्या जोडवायरीत आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक बदलतो, म्हणून टीव्हीच्या खोक्यातली जोडवायर जपून ठेवावी.

अमेरिकेतल्या किंवा जपानमधल्या नातेवाइकांकडून आलेल्या यंत्राबाबत एक जास्तीची गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तिकडे एनटीएससी पद्धत आहे: सेकंदाला ६० वेळा चित्र आणि ३.५८ मेगाहर्ट्झवर रंग. फक्त पाल समजणाऱ्या जुन्या टीव्हीवर पिवळ्या पिनेने ते कृष्णधवल दिसते. कंपोनंटने जोडल्यास रंग त्या पद्धतीने गुंफलेलाच नसतो, त्यामुळे तो हरवण्याचा प्रश्न येत नाही. केबलच्याही आधी अशा यंत्राच्या पाठीमागे किती व्होल्ट लिहिले आहेत ते वाचावे. नुसते १२० लिहिलेले यंत्र आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात थेट घातले तर पुढचे सगळे विवेचन निरुपयोगी ठरते.

मग कंपोनंट लावूनही मोठ्या टीव्हीवर जुना खेळ जुन्या टीव्हीइतका का शोभत नाही? साधा हिशेब करू. सलग ६४० बाय ४८० ठिपक्यांच्या चित्रात ३,०७,२०० ठिपके असतात आणि फोर-के पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे बरोबर २७ पट. खेळातल्या एका ठिपक्याला पडद्यावरचे २७ ठिपके भरावे लागतात आणि ते कसे भरायचे हे टीव्हीतली चिप ठरवते. त्यातही प्लेस्टेशन २चे बहुतेक खेळ एकदा विषम आणि एकदा सम ओळी असे अर्धे-अर्धे चित्र पाठवतात. काचेच्या टीव्हीला ते तसेच हवे असते. सपाट टीव्हीला मात्र दोन अर्धी चित्रे शिवावी लागतात आणि वेगवान हालचालीत ती शिवण उसवते. त्याहून जुनी यंत्रे सुमारे २४० ओळींचे सलग चित्र देतात, तर अनेक टीव्ही त्यालाच अर्धे चित्र समजून विनाकारण शिवायला बसतात. या कामासाठी ओएसएससी आणि रेट्रोटिंक यांसारखी खास उपकरणे मिळतात आणि ती हे काम खरोखर नीट करतात, पण ती परदेशातून मागवावी लागतात आणि जकात धरून महाग पडतात. आपल्याकडच्या दुकानांत चारशे-पाचशे रुपयांना मिळणारी 'एव्ही टू एचडीएमआय' डबी मात्र पिवळ्या पिनेचेच चित्र घेऊन ते फक्त मोठे करते. टीव्हीला एव्ही सॉकेटच नसेल तर ती लागेल. चित्र सुधारेल या आशेने ती घेऊ नये. कंपोनंट घेणारी अशी डबी वेगळी मिळते, आणि पैसे घालायचेच असतील तर त्यातल्या त्यात ती बरी.

ॲनालॉग केबलच्या दर्जाला थोडे महत्त्व आहे, दुकानदार सांगतो तितके नाही. चित्राची तार ७५ ओहमची आणि नीट जाळीचे आवरण असलेली असावी. आवाजाची पातळ वायर त्याच भोकात बसते आणि हातभर अंतराला चालूनही जाते, पण लांबी वाढली की कडांशेजारी सावली दिसू लागते. सोन्याचा मुलामा चित्र उजळत नाही, तो पिनेला गंज चढू देत नाही. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते अशा आपल्या गावात तेवढाही उपयोग थोडा नाही. काळवंडलेली पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसली तरी पुष्कळदा नव्या केबलचा खर्च वाचतो. चित्रात आडवा पट्टा हळूहळू वर सरकत असेल तर केबलऐवजी घराचे अर्थिंग आणि टीव्हीला लागलेली केबलवाल्याची वायर यांच्याकडे आधी पाहावे. ती वायर क्षणभर काढली आणि पट्टा गेला, तर दोष सापडला.

एचडीएमआयकडे वळल्यावर हा सगळा अनुभव बाजूला ठेवावा लागतो. इथे केबलमधून उजेडाचे चढउतार जात नाहीत, शून्य आणि एकचे आकडे जातात. आकडा पोहोचला की तो पूर्णच पोहोचतो. त्यामुळे महाग केबलने रंग अधिक गडद किंवा चित्र अधिक धारदार होणे या पद्धतीत संभवत नाही. केबल कमी पडली की मात्र ते लपत नाही: पडद्यावर चमकते ठिपके उडतात, चित्र क्षणभर काळे होऊन परत येते, किंवा 'सिग्नल नाही' अशी पाटी झळकते.

केबलला किती वेग लागतो याचाही हिशेब अवघड नाही. फोर-के चित्राचे ८२,९४,४०० ठिपके, सेकंदाला ६० चित्रे, दर ठिपक्याला २४ बिट, म्हणजे सेकंदाला सुमारे १,१९४ कोटी बिट, किंवा १२ गिगाबिट. याखेरीज दोन ओळींमध्ये आणि दोन चित्रांमध्ये थोडी जागा रिकामी सोडावी लागते. काचेच्या नळीतला किरण ओळ संपल्यावर मागे परत येई, त्यासाठी ठेवलेली ही सवड आजही चालू आहे आणि एचडीएमआय त्याच सवडीत आवाज भरून पाठवते, ही गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. ही जागा आणि आकडे केबलमधून नीट जावेत म्हणून घातलेले जास्तीचे बिट धरले की आकडा १७.८ गिगाबिटपर्यंत जातो. २०१३च्या एचडीएमआय २.०ची मर्यादा १८ आहे ती उगाच नाही. सेकंदाला १२० चित्रे आणि अधिक खोल रंग हवे असतील तर सुमारे ४० गिगाबिट लागतात, आणि २०१७मध्ये आलेल्या २.१ने ही मर्यादा ४८वर नेली.

मात्र २.० किंवा २.१ हे आकडे यंत्रांचे आणि टीव्हींचे आहेत; केबलची अधिकृत ओळख तिच्या वर्गाने होते. हाय स्पीड वर्गाची साधी केबल प्लेस्टेशन ३, एचडीएमआय असलेला एक्सबॉक्स ३६०, प्लेस्टेशन ४ आणि पहिला निन्टेन्डो स्विच यांना पुरून उरते, कारण त्यांच्या १०८० ओळींच्या चित्राला साडेचार गिगाबिटही लागत नाहीत. प्लेस्टेशन ४ प्रोला आणि सेकंदाला ६० चित्रांच्या फोर-के टीव्हीला प्रीमियम हाय स्पीड पुरे. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्सवरून १२० चित्रे घ्यायची असतील तरच अल्ट्रा हाय स्पीड लागते. शेवटच्या दोन वर्गांच्या खोक्यावर क्यूआर कोड असलेले लेबल असते आणि ते एचडीएमआयच्या अधिकृत ॲपने तपासता येते. नुसते '२.१ केबल' किंवा 'एट-के' असे ठळक छापलेले खोके म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. प्लेस्टेशन ५च्या खोक्यात अल्ट्रा हाय स्पीड केबल येतेच. तरीही ती बाजूला ठेवून सेट-टॉप बॉक्सची जुनी केबल 'आधीच लावलेली आहे' म्हणून वापरणारी घरे मी पाहिली आहेत.

टीव्हीच जर सेकंदाला ६० चित्रांचा असेल, आणि ४३ इंची टीव्हींमध्ये तसेच अधिक असतात, तर ४८ गिगाबिटची केबल घेऊन काही हाती लागत नाही. खोक्यावर 'मोशन' शब्दाशेजारी लिहिलेला १२० किंवा २०० हा आकडा पुष्कळदा टीव्हीच्या आतल्या प्रक्रियेचा असतो, बाहेरून स्वीकारल्या जाणाऱ्या चित्रांचा नव्हे. १२० खरोखर असेल तरी अनेक टीव्हींवर चारपैकी दोनच सॉकेट तो वेग घेतात. आणि सॉकेट योग्य निवडले तरी पूर्ण वेगाची परवानगी टीव्हीच्या सेटिंगमध्ये द्यावी लागू शकते: सॅमसंगमध्ये तिला 'इनपुट सिग्नल प्लस' म्हणतात, एलजीमध्ये 'एचडीएमआय डीप कलर', सोनीमध्ये 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. ती बंद असली की यंत्र निमूटपणे रंगाचा तपशील कमी करून पाठवते आणि रंगीत पार्श्वभूमीवरची बारीक अक्षरे किंचित पुसट दिसतात. प्रत्यक्षात काय चालले आहे हे प्लेस्टेशन ५च्या 'स्क्रीन अँड व्हिडिओ' विभागात व्हिडिओ आउटपुटच्या माहितीखाली वाचता येते.

केबलच्या माथी मारला जाणारा आणखी एक दोष म्हणजे राखाडी दिसणारा काळा रंग. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या यंत्राने १६ ते २३५ धरल्या आणि टीव्हीने ० ते २५५ समजल्या की चित्र धुरकट दिसते. उलटे झाले की अंधारातला तपशील गिळला जातो. दोन्हीकडे 'ऑटोमॅटिक' किंवा दोन्हीकडे सारखे ठेवले की प्रश्न मिटतो. टीव्हीचा गेम मोड, म्हणजे चित्रावरची प्रक्रिया कमी करून उशीर घटवणारे सेटिंग, चालू करणे आणि जुन्या खेळांचे ४:३ चित्र रुंद न ताणणे, ही कामेही फुकटातच होतात.

लांबीबाबत मात्र कंजूषपणा उपयोगी आहे. दीड-दोन मीटरच्या केबलमध्ये सहसा काही बिघडत नाही. तांब्याच्या तारेवर पूर्ण ४८ गिगाबिट हवे असतील तर पाच मीटरच्या पुढे अडचणी सुरू होतात. त्यापुढे आत काचतंतू असलेली ऑप्टिकल केबल घ्यावी, आणि तिच्या एका टोकावर यंत्राची व दुसऱ्यावर टीव्हीची खूण असते ती पाहूनच लावावी. उलटी लावल्यास काहीच दिसत नाही. हल्ली नव्या फ्लॅटमध्ये टीव्हीमागच्या भिंतीत एचडीएमआय केबल पुरून वर गिलावा करतात. पुढच्या पाच वर्षांत वेग वाढला की ती केबल भिंतीसकट जुनी होते. इलेक्ट्रिशियनला नुसता मोकळा पाइप आणि त्यात ओढायची तार ठेवायला सांगावे, आणि पाइप असा रुंद घ्यावा की केबलचे सुमारे दोन सेंटिमीटर रुंद डोके त्यातून जाईल. वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की केबलवाल्याची वायर टीव्हीतून काढून ठेवणेही चांगले, कारण तिच्यावरून आलेला झटका अनेकदा एचडीएमआयचे सॉकेट घेऊन जातो.

मावसभावाच्या भिंतीवरच्या टीव्हीला कंपोनंटचे सॉकेट निघाले नाही, फक्त ते हेडफोनसारखे एकच भोक होते. डबी घ्यावी की नाही याचा विचार चालू असताना शिवाजी पेठेतला काचेचा टीव्ही अजून भंगारात गेलेला नाही हे मावशीने सांगितले. आम्ही तो उचलून फिरवला, तर पाठीमागे 'डीव्हीडी' अशा अक्षरांखाली हिरवे, निळे आणि लाल सॉकेट होते, आणि त्यांवरची धूळ पाहता तिथे पंधरा वर्षांत एकदाही पिन गेलेली नव्हती.